न दिसणाऱ्या मजकुरावरची सही

खाडाखोड केली की शेजारी सही करावी, हे मला तहसील कचेरीत रुजू झाल्या झाल्या शिकवलं गेलं आणि सेवानिवृत्त होईपर्यंत मी ते पाळलं. त्यानंतरही पाळतो. वाण्याच्या यादीत साखर खोडून गूळ लिहिला तरी मी शेजारी सही करतो. वाणी हसतो, पण गूळच देतो. बिनसहीची खाडाखोड म्हणजे आपल्याकडे सरळ सरळ संशय. अशा या निर्दोष सवयीपायी वाचनालयाच्या भर कार्यक्रमात माझी जी शोभा झाली, तिच्या नाना हकिकती सध्या जव्हारमध्ये फिरताहेत. त्यांतली सर्वांत लांब हकिकत आमच्या शेजारच्या चंदनाताईंची आहे आणि ती मोखाड्यापर्यंत पोहोचल्याचं समजतं. तेव्हा मूळ प्रत मीच सादर केलेली बरी.

आमच्या वाचनालयाचा अमृतमहोत्सव यायचा होता. वाचनालय दर वर्षी एक वार्षिकांक काढतं. गावातली हौशी मंडळी त्यात लिहितात, व्यापारी जाहिराती देतात आणि अंक निघाला की ज्याने त्याने आपापलं पान वाचून तो कपाटात टाकायचा, अशी पद्धत आहे. जुन्या अंकांना इथल्या ओलीने बुरशी आली होती आणि जे बुरशीतून वाचलं ते कसरीने खाल्लं होतं. म्हणून कार्यकारिणीने सगळे अंक स्कॅन करायचं ठरवलं. नाशिकहून एक गृहस्थ यंत्र घेऊन आले, पानं उलटत बसले आणि जाताना आमच्या हातात अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह ठेवून गेले. जडवस्तूंच्या नोंदवहीत तो कुठल्या सदरात दाखवायचा यावर एक सभा झाली. अखेर तो लेखनसामग्रीत गेला, आणि त्यानंतर तो घरी नेणाऱ्याला 'पेन मिळाला' अशी पोच द्यावी लागते.

या पेनड्राइव्हमध्ये काय आहे ते आम्हाला करिष्माने समजावून सांगितलं. करिष्मा आमची ग्रंथपाल. मूळची पोशेऱ्याची, शिकायला ठाण्याला राहून आलेली आणि बोलायला तिखट. "काका, हे पान दिसतंय ना, हा नुसता फोटो आहे," ती म्हणाली. "मशीनने तो वाचून त्याच्या खाली त्याला कळलं तसं लिहून ठेवलंय. ते आपल्याला दिसत नाही. पण आपण एखादं नाव शोधलं की मशीन फोटोत बघत नाही, त्या खालच्या लिहिलेल्यात बघतं. आणि ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांना मशीन मोठ्याने वाचून दाखवतं, तेसुद्धा खालचंच."

लगेच प्रत्येकाने आपापलं नाव टाकून पाहिलं. आमचे अध्यक्ष कमलेशशेठ, बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, ते पानोपानी सापडले. त्यांची जाहिरात दर वर्षी ठळक टायपात असते, त्यामुळे यंत्राला ती चुकवताच येत नव्हती. मग माझी पत्नी शांता पुढे झाली. जव्हारला सून म्हणून आली तेव्हापासून शांता वार्षिकांकात लिहिते. एकही अंक तिने चुकवलेला नाही. तिने एका बोटाने सावकाश आपलं नाव टाइप केलं. यंत्र जरा घुटमळलं आणि पडद्यावर आलं : सापडले नाही.

"असू दे," शांता म्हणाली आणि बाजूला झाली.

शांता 'असू दे' म्हणते तेव्हा ते असू द्यायचं नसतं, एवढं मला संसारातून कळलेलं आहे. घरी आल्यावर तिने मुगाची खिचडी टाकली आणि पापड भाजले नाहीत. मी पापडाचा विषय काढल्यावर ती म्हणाली, "अहो, कार्यक्रमाला नाशिकहून माझी बहीण येणार, महिला मंडळ येणार. सगळ्यांसमोर नावं शोधून दाखवणार म्हणे. कोणी माझं टाकलं तर मशीन सांगणार, अशी बाई इथे नव्हतीच. इतकी वर्षं लिहिलं ते मग काय, कसरीसाठी?"

मी जेवता जेवता उभा राहिलो. उष्ट्या हाताने दिलेला शब्द ग्राह्य धरावा की नाही यावर नियम नाही, पण मी दिला. कार्यक्रमाच्या दिवशी तुझं नाव सापडेल, हा माझा शब्द, असं मी म्हणालो. शांताने माझ्याकडे पाहिलं आणि उठून पापड भाजला. एकच भाजला, पण भाजला.

दुसऱ्या दिवशी करिष्माने मला काम दाखवलं. दोष छापखान्याचा होता. जुन्या छापखान्यातला 'श' झिजलेला होता, त्यामुळे शांताला यंत्राने दर अंकात निरनिराळं काहीतरी समजून घेतलं होतं. बाकीचा मजकूरही धड नव्हता. 'मोखाड्यात यंदा नागली चांगली आली' याच्या खाली यंत्राने 'नाराजी चांगली आली' असं नोंदवलं होतं, आणि एका वर्धापनदिनाला टाळ्यांच्या गजरात अध्यक्षांचं भक्षण झालं होतं. दुरुस्तीची पद्धत मात्र सोपी. शब्दावर टिचकी मारली की एक पिवळी चौकट उघडते. वर फोटोतला शब्द दिसतो, खाली यंत्राची समजूत दिसते. समजूत खोडायची, खरा शब्द लिहायचा, चौकट बंद करायची. बंद केली की सगळं पुन्हा अदृश्य.

मी म्हणालो, नुसती शांता दुरुस्त केली तर पक्षपात होईल. करायचं तर सगळे अंक करू. करिष्मा म्हणाली, "काका, कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे." मी म्हणालो, मी पंचनाम्याच्या नकला केलेला माणूस आहे. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, तिचा पुढे संबंध आहे. कारकुनाने मजकूर वाचायचा नसतो, तपासायचा असतो. वाचायला लागला की माणूस मजकुरात गुंततो आणि वेलांटी निसटते. मी उभ्या नोकरीत हजारो कागद तपासले, पण त्यांतल्या एकात काय लिहिलं होतं हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. याचा मला अभिमान आहे.

पण कागदपत्रात बदल करायचा तर परवानगी हवी. मी रीतसर अर्ज दिला. कार्यकारिणीची सभा बसली. नमुना म्हणून मी दुरुस्तीपूर्वीचं पान दाखवलं आणि मग दुरुस्तीनंतरचं. सभासदांनी चष्मे लावले, काढले, पुन्हा लावले.

"फरक काय आहे?" कमलेशशेठनी विचारलं.

"फरक दिसत नाही," मी म्हणालो. "तेच तर काम आहे."

"भाऊसाहेब, दुकानात मी असं बोललो तर गिऱ्हाईक मारील मला."

कचेरीतल्या कारकुनाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात आणि निवृत्तीनंतरही ते काढून घेत नाहीत. चर्चा बरीच झाली. एक सभासद म्हणाले की न दिसणारी कामं त्यांनी पंचायतीत पुष्कळ पाहिली आहेत, तिथे निदान फलक तरी असतो. चंदनाताई महिला प्रतिनिधी आहेत. त्यांची सूचना अशी की पानं छापून घ्यावीत, त्यांवर व्हाइटनर लावून दुरुस्ती करावी आणि पुन्हा स्कॅन करावं. त्यांचा मुलगा तुषार ठाण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे, त्यामुळे त्यांच्या सूचनेला आमच्याकडे वजन असतं. करिष्माने डोळे मिटून घेतले. शेवटी ठराव झाला : दुरुस्ती करण्यास हरकत नाही, मात्र प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याने प्रमाणित करावी.

सभासद माझ्या मनातलंच बोलले. निवृत्तीपासून मला प्रमाणित करायला असं काही मिळालंच नव्हतं.

आता प्रमाणित कुठे करायचं? फोटोवर सही करता येत नाही. म्हणून जिथे दुरुस्ती तिथे सही, म्हणजे खालच्या अदृश्य मजकुरात, दुरुस्त शब्दाला लागून. नुसती आद्याक्षरं कोणाचीही असू शकतात. म्हणून मी पूर्ण मजकूर ठरवला : 'दुरुस्त केले, दामोदर अहिरे, अव्वल कारकून, सेवानिवृत्त.' कचेरीत एवढा मजकूर समासात मावला नसता. इथे जागेची अडचण नव्हती, कारण दिसतच नव्हतं. तो पुन्हा पुन्हा लिहावा लागू नये म्हणून आमच्या अवंतीने, म्हणजे मुलीने, फोनवरून मला एक युक्ती शिकवली. दोन बटणं एकदम दाबली की आख्खी सही उमटायची. "बाबा, पण हे कशासाठी हवंय?" तिने विचारलं. कार्यालयीन, एवढंच मी सांगितलं.

काम सुरू झालं. सकाळी पूजा आटोपून बसायचो ते जेवणापर्यंत, आणि वामकुक्षीनंतर वीज असेल तोवर. शांता मधून मधून चहा ठेवून जायची आणि पडद्याकडे बघायची. "काही दिसत तर नाही," म्हणायची. "दिसायचं नसतं," मी म्हणायचो.

इतपत सगळं ठीक होतं. पण छायाचित्राखाली एक न दिसणारा मजकूर असतो आणि तो भाऊसाहेबांच्या हातात आहे, ही बातमी गावात पसरली. माणसाच्या स्वभावाचं मला नवल वाटतं. जे दिसत होतं त्यात कोणालाही रस नव्हता.

आधी चंदनाताई आल्या. लोणचं घेऊन आल्या, तेव्हाच मी सावध झालो. कोणे एके काळी वाचनालयाच्या रांगोळी स्पर्धेत त्यांना दुसरा क्रमांक मिळाला होता आणि पहिला कोणाला मिळाला हे त्या आजही नाव न घेता सांगतात. "भाऊसाहेब, वर दुसराच राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला कोणाचं मन दुखवायचं नाही. खाली तेवढा पहिला करा."

"पण ताई, ते कोणाला दिसणार नाही."

"मला माहीत असलं म्हणजे झालं."

मी नम्रपणे नकार दिला. लोणचं त्यांनी परत नेलं नाही, पण बरणी दुसऱ्या दिवशी मागवून घेतली. मग कमलेशशेठ आले. त्यांच्या वडिलांच्या नावामागे समाजभूषण लावायचं राहून गेलं होतं. कोणाला आपल्या कवितेतलं एक कडवं बदलायचं होतं. एका गृहस्थांना एका जुन्या लग्नाच्या अभिनंदनातून आपलं नावच काढून हवं होतं. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं : वर जे आहे तेच खाली. वर नाही ते खाली नाही. या दोन वाक्यांमुळे आमच्या घरी येणारी माणसं निम्म्याने कमी झाली आणि बाजारात कमलेशशेठ मला खिळे मोजून देऊ लागले.

नियमाला खरा पेच आणला तो सावळाने. सावळा पोशेऱ्याचा. वरई, नागली घेऊन बाजाराला येतो आणि आमच्याकडेही घालतो. एका जुन्या अंकात वाचनालयाच्या मिरवणुकीचा फोटो होता. तारपा वाजवणारा एक तरुण, शेजारी अर्धा बैल, आणि खाली ओळ : आदिवासी बांधव तारपा वाजवताना. सावळाने पडद्याकडे बोट केलं.

"भाऊसाहेब, तो मीच हाय. माजं नाव नाय तिथं."

"बांधव लिहिलंय ना," मी म्हणालो.

"बांधव तं आमच्या पाड्यात समदेच हात. त्यातला कोन, ता कसा कळंल?"

प्रश्न बिनतोड होता. मी पुरावा मागितला. सावळाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात तारपा धरल्यासारखे केले आणि गाल फुगवून पडद्याशेजारी उभा राहिला. शांता स्वयंपाकघरातून बाहेर आली, एकदा पडद्याकडे आणि एकदा सावळाकडे बघून म्हणाली, "अहो, गाल तेच आहेत." माणूस वर दिसतो आहे, तर त्याचं नाव खाली येण्यास नियमाची हरकत नाही, असा मी निर्णय दिला. सावळाचं नाव घातलं, 'ओळख पटली' असा शेरा मारला आणि सही केली.

"आन् बैल बी माजाच," सावळा म्हणाला. "कवड्या नाव त्याचं. लय गुनाचा व्हता."

अर्ध्या बैलाची पूर्ण नावानिशी नोंद करावी का, यावर मी थोडा विचार केला. मग केली. बैलाचीही ओळख पटली असं लिहिलं, त्यासाठी मात्र मला सावळाच्या शब्दावर विसंबावं लागलं. पुढच्या बाजाराला त्याने आम्हाला वरई घातली ती मापाला वरचढ होती.

कार्यक्रमाच्या आधी काम संपलं. करिष्माने माझ्यासमोर शांताचं नाव शोधून पाहिलं. पानामागून पान उघडत गेलं आणि प्रत्येक पानावर 'शांता अहिरे' पिवळं होऊन चमकू लागलं. सह्या अर्थातच दिसत नव्हत्या. "काका, मानलं तुम्हाला," करिष्मा म्हणाली. तिच्या तोंडून असं वाक्य निघणं ही साधी गोष्ट नाही. घरी जाऊन मी शांताला सांगितलं आणि त्या रविवारी पापड भरपूर होते.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. मोखाड्याहूनही मंडळी आली होती. महिला मंडळ पुढच्या रांगेत, एकाच रंगाच्या साड्या नेसून. शांताची बहीण तिच्या शेजारी. प्रमुख पाहुण्या नाशिकच्या एक निवृत्त प्राचार्या होत्या. करिष्माने मोठ्या पडद्यावर अंक उघडले. कमलेशशेठ सापडले, टाळ्या झाल्या. सावळा घरच्यांना घेऊन मागे उभा होता, तो हात वर करून म्हणाला, माजं टाका. तो सापडला आणि मोठ्या पडद्यावर त्याचे ते गाल उमटले. मग त्याने कवड्याचं नाव टाकायला सांगितलं. कवड्याही सापडला. कमलेशशेठपेक्षा कवड्याला टाळ्या जास्त पडल्या हे मी केवळ वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो.

मग शांताची बहीण म्हणाली, "आमच्या शांताचं टाका बघू." करिष्माने टाकलं. पानं उघडत गेली. महिला मंडळाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली ते थांबेना. शांता मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती, आणि मी मागच्या रांगेत ताठ बसलो होतो. मला इतका आनंद कचेरीतल्या निरोप समारंभालाही झाला नव्हता. कार्यक्रम तिथेच संपायला हवा होता.

पण प्राचार्याबाई म्हणाल्या, "हे यंत्र वाचूनही दाखवतं म्हणे. मग शांताबाईंचाच एखादा लेख ऐकू या."

करिष्माने कुठलं तरी बटण दाबलं. ध्वनिक्षेपकातून एका बाईचा स्वच्छ, गंभीर आवाज आला आणि तो सभागृहभर घुमला.

"वांगणीची वाट. लेखिका शांता अहिरे, दुरुस्त केले, दामोदर अहिरे, अव्वल कारकून, सेवानिवृत्त."

लोकांना वाटलं, प्रास्ताविक चाललं आहे. मला मात्र माझी सही ओळखू आली. खालचंच वाचतं, असं करिष्मा पहिल्याच दिवशी बोलली होती. मी ते ऐकलं होतं, पण वाचणारं यंत्र सहीसुद्धा वाचेल हे मनात आलं नव्हतं. कचेरीत कागद वाचणारा माणूस सही वाचत नाही, सही बघतो.

"त्या दिवशी आमचे हे," आवाज म्हणाला, "दुरुस्त केले, दामोदर अहिरे, अव्वल कारकून, सेवानिवृत्त, म्हणाले, वांगणीची, दुरुस्त केले, दामोदर अहिरे, अव्वल कारकून, सेवानिवृत्त, वाट मला पाठ आहे."

मग पुढच्या रांगेतून चंदनाताई उठल्या. "अगं बाई," त्या मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शांतावहिनींनी नाव घेतलं."

इथे खुलासा आवश्यक आहे. शांताने उभ्या आयुष्यात माझं नाव घेतलेलं नाही. तिच्या पिढीतल्या बायका घेत नाहीत. हळदीकुंकवाला सगळ्या बायकांनी धरून बसवलं तरी ती हसून तिळगूळ घेते आणि उठते. महिला मंडळ कित्येक संक्रांती या एका नावाची वाट बघत होतं. ते आता ध्वनिक्षेपकावरून, हुद्द्यासकट, घेतलं जात होतं. मंडळाने टाळ्या धरल्या. यंत्राला टाळ्या कळत नाहीत, ते वाचत राहिलं. नंतर प्रत्येक सहीला मागची मंडळीही यंत्राच्या सुरात सूर मिसळून 'सेवानिवृत्त' असं म्हणू लागली. सावळाच्या घरच्यांना हा शब्द फार आवडला असावा.

मी उठून बाहेर जावं म्हणून निघालो, तर दारात इतकी गर्दी की पुन्हा बसावं लागलं. शांताने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे असंच मला वाटलं. तिचं नाव सापडेल असा मी शब्द दिला होता आणि तिच्या लेखावर, ओळीओळीला, मीच बसलो होतो. इतकं वाईट मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

मग शांता उठली आणि व्यासपीठावर गेली. करिष्माला म्हणाली, "बंद कर ग ते." पदर खाली आला तेव्हा कळलं की ती हसत होती. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं होतं. "पुढचं मी सांगते," ती म्हणाली, "सही न करता." आणि कागद नाही, काही नाही, तिने तो लेख तोंडपाठ सांगितला. वांगणीला एका बारशाला निघालेलो आम्ही दोघं, वाट पाठ असलेला नवरा, आणि संध्याकाळी पुन्हा तीच विहीर दिसल्यावर तो म्हणाला की ही दुसरी विहीर आहे. लोक हसून लोळायचे बाकी राहिले. ती खरोखर दुसरी विहीर होती, हे मला तिथे उभं राहून सांगावंसं वाटलं, पण वातावरण अनुकूल नव्हतं.

पुढच्या सभेत ठराव आला की सर्व सह्या काढून टाकाव्यात. कमलेशशेठ सवयीने म्हणाले, "आणि काढल्याचं प्रमाणित..." तिथेच थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नको," सगळे एकदम म्हणाले. अमृतमहोत्सवी वर्षातला तो एकमेव बिनविरोध ठराव. सह्या काढणं फार अवघड असेल, निदान काही आठवडे जातील, अशी माझी अपेक्षा होती. करिष्माने एक बटण दाबलं आणि त्या गेल्या. सावळाचं आणि कवड्याचं नाव मात्र राहू दे, असं मी म्हटलं, त्यावर ती म्हणाली, "ते कोण काढतंय, काका?"

ती सुधारलेली प्रत मी घरी आणली, पेन मिळाल्याची पोच देऊन. दुपारची जेवणं झाली होती. शांता ओट्याशी भांडी आवरत होती. मी सह्या खरोखर गेल्या का ते तपासावं म्हणून 'दामोदर' असं टाइप केलं.

सापडले नाही.

म्हणजे काम चोख झालं होतं. मी मान डोलावली. मग पुन्हा एकदा टाइप केलं. इतकी वर्षं मी वाचनालयाचा सभासद आहे. खुर्च्या मांडल्या, वर्गण्या गोळा केल्या, अंक टपालात टाकले. सह्या काढल्यावर साऱ्या अंकांत माझं नाव एकदाही नव्हतं. अहिरे सापडत होतं, पण दर वेळी त्याच्या आधी शांता. मला लागलं. वयपरत्वे असं होतं म्हणतात, पण लागलं हे खरं.

"काय शोधताय?" शांता हात पुसत बाहेर आली.

"काही नाही. तपासत होतो."

तिने पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "नावाने कसे सापडाल तुम्ही?" ती म्हणाली. "सरका जरा." मग चष्मा लावून तिने एका बोटाने, सावकाश, टाइप केलं : आमचे हे.

पान उघडलं. मग दुसरं. मग पुढच्या वर्षाचं, मग त्याच्या पुढचं. पिवळे ठिपके संपेचनात.

"यांत इतर बायकांचेही हे असतील," मी म्हणालो.

"असतील एखाददुसरे. तुम्ही आपले वाचा," असं म्हणून ती आत गेली.

प्रत्येक वेलांटी मी माझ्या हाताने दुरुस्त केलेली होती, तरी आता मी तो मजकूर पहिल्यांदा वाचत होतो. आमचे हे पाहुण्यांना शिरपामाळ दाखवायला घेऊन गेले आणि इतिहास सांगत बसले, तेव्हा पाहुणे गाडीत जाऊन झोपले. आमच्या ह्यांनी अवंतीच्या शाळेच्या अर्जावर जन्मतारखेच्या जागी बारशाची तारीख लिहिली, मग ती खोडून शेजारी सही केली. मी तापाने पडले होते तेव्हा आमचे हे रोज उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत, बातम्या संपल्या की निविदा वाचत, पण उठत नसत. ते पान मी परत एकदा वाचलं. चष्मा पुसून आणखी एकदा वाचलं.

त्याच्या पुढच्या अंकात मात्र लिहिलं होतं, आमचे हे छत्री मोखाड्याच्या एसटीत विसरले. हे वस्तुस्थितीला धरून नाही. छत्री मी विसरलो नव्हतो, ती एका सहप्रवाशाला धरायला दिली होती आणि तो आधी उतरला. एवढा एक शब्द बदलला असता तर वर काहीच दिसलं नसतं. मी त्या शब्दावर टिचकी मारली. पिवळी चौकट उघडली.

"अहो," आतून आवाज आला, "काही दुरुस्त करू नका हं."

मी चौकट बंद केली आणि पुढचं पान वाचायला घेतलं.